मोकळा मध्य : दादरच्या शिवाजी पार्कचा इतिहास आणि घडण



मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास ज्या मोजक्या जागांच्या आधाराने सांगता येतो, त्यांत दादरच्या शिवाजी पार्कचे स्थान फार वरचे आहे. मात्र या मैदानाविषयी जे लिहिले आणि बोलले जाते ते बहुधा तिथे गाजलेल्या सभांविषयी किंवा तिथल्या मातीत घडलेल्या क्रिकेटपटूंविषयी असते. मैदान स्वतः कसे आकाराला आले, त्याची रचना कोणत्या विचाराने झाली आणि एवढ्या दाट वस्तीच्या शहरात ते अजून शिल्लक कसे राहिले, हे प्रश्न त्या गर्दीत मागे पडतात. प्रस्तुत व्याख्यानात या मागे पडलेल्या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यातून निघणारे प्रतिपादन असे, की शिवाजी पार्कचे मोठेपण त्याच्या मोकळ्या मध्यभागात आहे. तो मध्यभाग शंभर वर्षे अनेकांनी पाळीपाळीने वापरला आणि कुणालाही तो कायमचा आपला करता आला नाही, म्हणून तो सर्वांचा राहिला.

१. प्लेगनंतरचे शहर आणि उपनगराची कल्पना

या मैदानाची पूर्वपीठिका १८९६ च्या प्लेगपर्यंत मागे नेता येते. त्या वर्षी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांतच साथीने शहराची दुर्दशा करून टाकली. हवा आणि उजेड यांचा मागमूस नसलेल्या कोंदट चाळी, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती आणि सांडपाण्याची दुरवस्था यांवर त्या काळच्या तज्ज्ञांचा रोख होता. त्यातून १८९८ मध्ये स्वतंत्र कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणजे शहर सुधारणेसाठी नेमलेले एक अधिकारसंपन्न मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, अनारोग्यकारक इमारती पाडणे आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वस्त्या वसविणे ही त्याची मुख्य कामे होती. यांतील तिसऱ्या कामातून दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या भागांची नियोजनबद्ध उभारणी झाली, आणि पुढे १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन करण्यात आला.

येथे ‘उपनगर’ या संज्ञेचा त्या काळचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. साष्टीतील वांद्रे ते बोरिवली हा आज उपनगर म्हणून ओळखला जाणारा पट्टा १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात शहराची उत्तर हद्द माहीम आणि शीव येथे संपत होती, आणि फोर्ट, गिरगाव, भायखळा यांच्या मानाने दादर हेच उपनगर होते. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला आखीव वस्त्या उभ्या राहत असताना पश्चिमेला माहीमच्या बाजूस माडांच्या वाड्या, खळगे आणि समुद्रालगतची रेताड जमीन असे दृश्य होते. दादरला दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग जवळ येत असल्यामुळे या जमिनीचे भवितव्य ठरल्यासारखेच होते. बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली या पश्चिमेकडच्या मार्गावरही विजेच्या गाड्या सुरू झाल्या. कचेरी फोर्टमध्ये आणि बिऱ्हाड दादरला ही मध्यमवर्गाची दिनचर्या या गाड्यांनी शक्य केली. शिवाजी पार्कचा जन्म याच काळातला आहे, हे त्याच्या स्वरूपाचा उलगडा होण्यासाठी महत्त्वाचे ठरते.

मुंबईतील त्याआधीच्या मोकळ्या जागा निरनिराळ्या कारणांनी निर्माण झाल्या होत्या. ओव्हल, आझाद आणि क्रॉस ही मैदाने म्हणजे किल्ल्याच्या तटासमोर तोफांच्या माऱ्यासाठी राखलेल्या पटांगणाचे अवशेष होत. १८६० च्या दशकात तट पाडल्यानंतर ते पटांगण नागरी वापरासाठी खुले झाले. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली ती वनस्पतींचा संग्रह म्हणून. तिथे झाडे पाहायची, त्यांच्यामधून फिरायचे आणि परत यायचे. दादर पारशी कॉलनीतील पाच उद्याने ही मंचेरजी जोशी यांच्या दूरदृष्टीने वसलेल्या वस्तीची शोभा वाढविणारी होती. या तिन्ही प्रकारांहून शिवाजी पार्क वेगळे आहे. युद्धशास्त्राने मागे ठेवलेली ती जागा नाही, वनस्पतिशास्त्राची प्रयोगभूमी नाही आणि एका समाजाच्या वस्तीचा दागिनाही नाही. निवासी उपनगराच्या मधोमध, सर्वांच्या खेळण्या-फिरण्यासाठी, लोकनियुक्त महापालिकेने निर्माण केलेले ते मैदान आहे.

२. माहीम पार्क ते शिवाजी पार्क

महापालिकेने हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले आणि प्रारंभी त्याचे नाव ‘माहीम पार्क’ असे होते. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. महाराजांचे जन्मवर्ष तेव्हा १६२७ असे मानले जात होते आणि त्या हिशोबाने १९२७ हे त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीचे वर्ष होते. महाराष्ट्रभर त्या निमित्ताने उत्सव झाले. दादरच्या या नव्या मैदानाला महाराजांचे नाव द्यावे, असा आग्रह महापालिकेत नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी धरला आणि तो मान्य झाला.

अवंतिकाबाईंचे नाव मैदानाच्या संदर्भात आज फारसे कुणी घेत नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १९१७ मध्ये चंपारणच्या निळीच्या शेतकऱ्यांसाठी महात्मा गांधींनी लढा उभारला तेव्हा तिथल्या खेड्यांत शिक्षण आणि आरोग्याचे काम करण्यासाठी गेलेल्या कार्यकर्त्यांत त्या होत्या. गांधीजींचे मराठीतील पहिले चरित्र त्यांनी १९१८ मध्ये लिहिले आणि त्याला लोकमान्य टिळकांनी प्रस्तावना दिली. मुंबईत त्यांनी हिंद महिला समाजाची स्थापना करून स्त्रियांना सार्वजनिक कामात आणले. परकी राजवटीतील अधिकाऱ्यांची नावे रस्त्यांना आणि बागांना देण्याची जेव्हा सर्रास प्रथा होती, तेव्हा महापालिकेच्या मालकीच्या एका मोठ्या जागेला शिवछत्रपतींचे नाव देण्यात राजकीय आशय होता, आणि तो ठराव एका स्त्रीच्या पुढाकाराने झाला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. पुढे २०२० मध्ये महापालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असा नावाचा विस्तार केला. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘शिवाजी पार्क’ हेच नाव रूढ आहे, आणि त्या नावाने मैदानाबरोबरच भोवतालच्या संपूर्ण वस्तीचाही बोध होतो.

ही वस्ती प्रामुख्याने १९३० आणि १९४० च्या दशकांत उभी राहिली. सिमेंट-काँक्रीटचा वापर तेव्हा सर्वत्र होऊ लागला होता, आणि गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, आडव्या पट्ट्यांची नक्षी, जिन्याच्या भिंतीत बसविलेल्या उभ्या जाळ्या अशी वैशिष्ट्ये असलेली ‘आर्ट डेको’ शैली मुंबईत लोकप्रिय झाली होती. ओव्हल मैदानालगतच्या याच शैलीच्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शिवाजी पार्कभोवतीच्या इमारती त्यांच्याच काळातल्या, परंतु अधिक साध्या आणि मध्यमवर्गाच्या ऐपतीतल्या होत्या. या घरांतून स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच न्हाणीघर-संडास असे. चाळीत मात्र लांबच लांब सामाईक गॅलरीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा दिवसभर संबंध येत असे, तो या नव्या घरांच्या बंद दारामागे उरला नाही. चाळीच्या गॅलरीने आणि चौकाने जे केले ते येथे मैदानाने केले, असे म्हणता येईल. कुटुंब दाराआड गेले तरी समाज मैदानावर एकत्र येत राहिला. १९४० मध्ये दादा रेगे यांनी याच परिसरात बालमोहन विद्यामंदिराची स्थापना केली, आणि शाळा, वाचनालये, व्यायामशाळा व नाट्यसंस्था यांनी मैदानाचा भोवताल भरत गेला.

३. कडा भरलेली, मध्य मोकळा

शिवाजी पार्कचे क्षेत्रफळ सुमारे २८ एकर आहे. त्याची आखणी समजून घ्यायची तर आधी कडेकडे पाहावे लागते. मैदानाच्या भोवती सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा बसका, सलग, वळणे घेत जाणारा कट्टा आहे, त्याला लागून फिरण्याची वाट आहे आणि वाटेवर झाडांची सावली आहे. कट्टा म्हणजे बसण्याजोग्या उंचीचा ओटा. परंतु येथे तो तीन कामे एकाच वेळी करतो. तो मैदानाची हद्द सांगतो, आतली माती आणि बाहेरचा रस्ता यांना वेगळे करतो आणि हजारो माणसांना बसायला जागा देतो. एरवी हद्द सांगण्यासाठी भिंत किंवा लोखंडी कुंपण घालतात आणि बसण्यासाठी बाके मांडतात. भिंतीमुळे आतली जागा रस्त्यावरून दिसेनाशी होते, आणि बाकावर दोघे-तिघे बसले की ते बाक त्यांचे होते. सलग कट्ट्यावर कुणाचीही जागा ठरलेली नसते. येणारा थोडे सरकून जागा मागतो आणि बसलेला सरकून ती देतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला खेळ दिसतो, आत खेळणाऱ्याला रस्ता दिसतो, आणि ही परस्परांवरची नजर मैदानाला सुरक्षित ठेवते. पहाटे आणि तिन्हीसांजेनंतरही स्त्रिया येथे निर्धास्तपणे फिरू शकतात, यामागे पहाऱ्यापेक्षा या बसक्या कडेचा आणि तिच्यावरच्या वर्दळीचा वाटा मोठा आहे.

फिरण्याच्या वाटेवर सावली धरणाऱ्या झाडांत पर्जन्यवृक्ष ठळकपणे डोळ्यांत भरतात. हे झाड मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. त्याचा पसारा छत्रीसारखा रुंद असतो, आणि सायंकाळी किंवा आभाळ भरून आले असता त्याची पाने मिटतात, त्यामुळे पाऊस त्यांतून खाली झिरपतो. रस्त्याच्या कडेला लावण्यासाठी मुंबईत ते मोठ्या प्रमाणावर निवडले गेले ते या रुंद सावलीसाठी. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने शहरातील अनेक पर्जन्यवृक्ष वठले आहेत. शंभर वर्षांपूर्वी लावलेली झाडे आपले आयुष्य संपवीत असताना त्यांच्या जागी नवी झाडे आजच लावली नाहीत, तर पुढच्या पिढीला कट्टा मिळेल पण सावली मिळणार नाही.

कडेच्या या पट्ट्यातच मैदानाच्या बाकीच्या संस्था सामावलेल्या आहेत. जिमखाना, व्यायाममंदिर, स्काउटचे सभागृह, उद्यान गणेशाचे मंदिर, बंगाली समाजाचा क्लब, मुलांच्या खेळण्याची जागा, ज्येष्ठांसाठीचे नाना-नानी पार्क आणि शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही सर्व ठिकाणे परिघावर किंवा परिघालगत आहेत. या पुतळ्यात महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही. हात पुढे करून दिशा दाखविणारी ही मुद्रा आहे. रस्त्याच्या पलीकडे स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आहे आणि पश्चिमेला इमारतींच्या एका रांगेपलीकडे समुद्र आहे. या सगळ्यांनी मिळून कडा गजबजलेली ठेवली आणि मध्यावर मात्र जमिनीच्या वर काही उरू दिले नाही. एखाद्या सार्वजनिक जागेत उपयोग कुठे ठेवावा आणि रिकामेपण कुठे राखावे, याचा हा फार चांगला नमुना आहे.

४. मातीतले शिक्षण

मधल्या मोकळ्या भागात काय चालते हे पाहण्यासाठी कोणताही सुटीचा दिवस पुरेसा आहे. एकाच वेळी अनेक खेळपट्ट्यांवर सामने चालू असतात. एका सामन्याचा लाँग ऑनचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटशेजारी उभा असतो, आणि उंच उडालेला चेंडू आपल्या सामन्यातला की शेजारच्या, हे ओळखून त्याला धावावे लागते. सीमारेषा एकमेकींत मिसळतात, तरी भांडणे क्वचित होतात, कारण येथे खेळणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या सामन्याला वाट देण्याची सवय लहानपणीच लागते. बाजूला जाळ्यांच्या आत शाळकरी मुलांचा सराव चालतो. मुंबईच्या फलंदाजीचा ‘खडूस’पणा म्हणजे विकेट सहजासहजी न देण्याची चिवट वृत्ती अशा मैदानांवर तयार झाली. येथे फलंदाज बाद झाला की पुन्हा बॅट हाती येण्यासाठी बराच वेळ थांबावे लागते. म्हणून बाद न होणे हाच येथला पहिला धडा असतो.

या मैदानाच्या क्रिकेटचा उल्लेख रमाकांत आचरेकर यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. कामत मेमोरियल क्रिकेट क्लबच्या जाळ्यांत त्यांनी घडविलेल्या खेळाडूंत बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार आणि सचिन तेंडुलकर यांचा समावेश होतो. आचरेकरांची पद्धत भाषणाची नव्हती. सराव संपत आला की ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत; गोलंदाजाने फलंदाजाला बाद केले तर नाणे गोलंदाजाचे, आणि फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर ते फलंदाजाचे. सचिनने अशी जिंकलेली १३ नाणी आजवर जपून ठेवली आहेत. आचरेकर या मुलाला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, म्हणजे एकाच दिवशी त्याला अनेक सामन्यांत फलंदाजी मिळे. या सगळ्या शिक्षणाला लागलेली जागा महापालिकेची होती आणि तिच्यावर पाय ठेवायला तिकीट नव्हते; ही गोष्ट प्रतिभेच्या चर्चेत नेहमी वगळली जाते. आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या एका प्रवेशद्वारापाशी त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

क्रिकेटइतकाच, किंबहुना मराठी शारीरिक परंपरेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, असा मल्लखांबाचा वारसा या मैदानाने सांभाळला आहे. मल्लखांब म्हणजे कुस्तीगिराच्या सरावासाठी जमिनीत रोवलेला निमुळता लाकडी खांब. त्याच्या जाड खालच्या भागाला अंग, वरच्या बारीक भागाला मान आणि टोकाच्या गोलाला बोंड म्हणतात, आणि त्यावर घासणे कमी व्हावे म्हणून एरंडेल तेल चोळतात. पेशवाईच्या अखेरच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना १९२५ मध्ये, म्हणजे मैदान खुले झाले त्याच वर्षी, काळे गुरुजींनी केली. पुरलेल्या खांबाबरोबरच दोरीवरचा मल्लखांबही येथे शिकवला जातो. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी पकडून, हातांचा आधार न घेता शरीर तोलणारी लहान मुले-मुली पाहिली की डोळ्यांवर विश्वास बसत नाही, एवढी ती विद्या अवघड आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच ठिकाणी झाली, आणि या संस्थेचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. जगातील अनेक देशांत या विद्येचे प्रशिक्षक तयार झाले त्याचा उगम दादरच्या या मातीत आहे.

५. सभा, संचलने आणि अनुयायांचा मुक्काम

मैदानाचा मध्य मोकळा असल्यामुळे तो सभांना उपलब्ध झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शिवाजी पार्कवर झालेल्या प्रचंड सभांनी, विशेषतः आचार्य अत्रे यांच्या भाषणांनी, मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीला लोकबळ मिळवून दिले. शासनाच्या वतीने १ मे रोजी होणारे महाराष्ट्र दिनाचे मुख्य ध्वजवंदन आणि संचलन येथे होते, त्यामागे या इतिहासाची जाणीव आहे. शिवसेनेची पहिली जाहीर सभा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी याच मैदानावर झाली आणि दसरा मेळाव्याची प्रथा तिथूनच पडली. एका प्रवाहाची सभा संपली की तीच जागा दुसऱ्या प्रवाहाला मिळे. मैदानाने कुणाचा पक्ष घेतला नाही आणि कुणाला दारही लावले नाही.

यांहून निराळा, आणि या मैदानाच्या सार्वजनिकतेची खरी कसोटी घेणारा प्रसंग दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले आणि दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथेच आज चैत्यभूमी आहे. स्मृतिदिनी अभिवादन करण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि अन्य राज्यांतून येणाऱ्या लाखो अनुयायांच्या मुक्कामाची व्यवस्था महापालिका शिवाजी पार्कवर करते. मंडप, पिण्याचे पाणी, शौचालये, वैद्यकीय कक्ष यांच्याबरोबर तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली, अंथरूण-पांघरूण आणि भाकरीचे गाठोडे सोबत असलेली कुटुंबे परतताना पुस्तके विकत घेऊन जातात. ज्या समाजाला शतकानुशतके पाणवठ्यावर आणि देवळात मज्जाव होता, त्या समाजाला शहरातील उत्तम वस्तीच्या मधोमध हक्काने उतरता येते, हे या मैदानाचे फार मोठे सामाजिक कार्य आहे. भोवतालच्या रहिवाशांना त्या दिवसांत जी अडचण सोसावी लागते तिच्यापेक्षा या हक्काचे मोल निश्चितच अधिक आहे.

६. कायदा, पाळी आणि स्मारकांचा प्रश्न

अनेकांचे हक्क एकाच भूमीवर आले की त्यांचा मेळ घालण्यासाठी नियम लागतात. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र ‘शांतता क्षेत्र’ म्हणून घोषित करता येते. तिथे आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. शाळा आणि रुग्णालय यांच्या सान्निध्यामुळे, रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र म्हणून संरक्षण दिले. त्यानंतर सभांना आळा बसला, वाद झाले, आणि पुढे राज्य शासनाने वर्षातील ४५ दिवस खेळांखेरीज अन्य कार्यक्रमांसाठी ठरवून दिले. म्हणजे वर्षाचे जवळजवळ ३२० दिवस मैदान खेळणाऱ्यांचे आणि उरलेले दिवस राष्ट्रीय, सामाजिक, सांस्कृतिक व राजकीय प्रसंगांचे, अशी वाटणी झाली. या वाटणीच्या तपशिलाबद्दल मतभेद असू शकतात. परंतु एकाच जागेवरचे परस्परविरोधी हक्क दिनदर्शिकेच्या आधाराने सांभाळण्याचे तत्त्व निर्विवादपणे योग्य आहे.

अवघड प्रश्न दिवसांच्या वाटणीचा नाही, कायमच्या बांधकामाचा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्यावर येथे अंत्यसंस्कार झाले. दोन्ही वेळी लोकांचा शोक अपार होता आणि दोन्ही वेळी मैदानावर स्मारक व्हावे अशी मागणी पुढे आली. बाळासाहेबांसाठी प्रारंभी उभारलेला तात्पुरता चौथरा महिन्याभरात हलविण्यात आला, मैदानाच्या कडेला लहानसे स्मृतिस्थळ राहिले आणि राष्ट्रीय स्मारकासाठी समोरच्या महापौर निवासाची निवड झाली. लतादीदींच्या बाबतीत मंगेशकर कुटुंबीयांनीच मैदानावर स्मारक नको, अशी भूमिका घेतली. थोरांविषयीचा आदर आणि मैदानाचे मोकळेपण यांच्यात निवड करण्याची वेळ आली तेव्हा दोन्ही राखता येतात, हे या निर्णयांनी दाखवून दिले.

या निर्णयांना कायद्याचेही पाठबळ आहे. बंगळूरच्या एका निवासी वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, ‘बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुदप्पा’ या खटल्यात, रद्दबातल ठरविला. रुग्णालय ही चांगली गोष्ट आहे, हा युक्तिवाद त्या वेळी टिकला नाही. उद्यानासाठी राखलेली जागा ही राज्यकर्त्यांच्या मर्जीने वाटण्याची वस्तू नव्हे, आणि तिच्या रक्षणासाठी परिसरातील नागरिकांना न्यायालयात जाण्याचा अधिकार आहे, असे त्यातून प्रस्थापित झाले. मैदानावर आक्रमण करणारी कल्पना बहुधा वाईट नसते, हेच खरे संकट असते. एखादे सभागृह, ग्रंथालय किंवा स्मारक यांना विरोध करणे मनाला जड जाते, आणि अशा एकेका चांगल्या कामाने अखेर मैदान संपते.

७. धुळीचा प्रश्न

मोकळेपण राखणे म्हणजे जमीन तशीच सोडून देणे नव्हे, हे धुळीच्या प्रश्नाने शिकविले आहे. मैदानावर टाकलेली तांबडी माती पावसाळ्यात चिखल होते आणि ऑक्टोबरपासून वाळू लागते; हजारो पायांखाली तिचा भुगा होतो आणि फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो भोवतालच्या घरांत शिरतो. ज्येष्ठ नागरिक आणि दम्याचे रुग्ण यांना याचा सर्वाधिक त्रास होतो. महापालिकेने पावसाचे पाणी जमिनीत मुरवून ते पुन्हा मैदानावर शिंपडण्याची योजना राबविली, हिरवळ लावण्याचे प्रयत्न झाले आणि तज्ज्ञ संस्थांचा सल्लाही घेण्यात आला. तरीही प्रश्न सुटला नाही, याचे कारण माती आणि वापर यांचा विचार निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या खात्यांनी केला.

ज्या मैदानावर रोज शेकडो मुले खेळतात तिथे सर्वत्र हिरवळ टिकणार नाही. परंतु खेळपट्ट्यांमधले पट्टे पाळीपाळीने बंद ठेवून गवताला वाढू देणे, रोज ठरावीक वेळी पाणी मारणे आणि मंडपासाठी खणलेले खड्डे कार्यक्रम संपताच त्याच मातीने बुजवून रोलरने दाबणे, ही कामे करण्याजोगी आहेत. मैदानाच्या मध्यावर उभे राहून पाहिले तर मंडपाच्या खांबांच्या जुन्या खड्ड्यांच्या खुणा मातीच्या बदललेल्या रंगावरून ओळखू येतात. तिथे माती भुसभुशीत असते आणि धावताना मुलांचे पाय मुरगळतात ते नेमके तिथे. ज्यांनी ४५ दिवसांचा हक्क घेतला त्यांनी जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे, आणि ती पार पडली की नाही हे तपासणारा अधिकारी नावानिशी नेमलेला असला पाहिजे.

८. समारोप

शिवाजी पार्कचा शंभर वर्षांचा इतिहास पाहता तीन निष्कर्ष काढता येतात. उपनगरातील मैदान ही शोभेची बाब नसून घराइतकीच आवश्यक अशी नागरी सोय आहे, आणि प्लेगची किंमत मोजून मुंबईने हा धडा घेतला. मैदानाची कडा लोकांनी भरलेली आणि मध्य बांधकामापासून मुक्त असेल तरच ते सर्वांच्या उपयोगाचे राहते. आणि कोणताही उपयोग, तो कितीही पवित्र किंवा लोकप्रिय असो, आपली पाळी संपल्यावर जागा सोडण्याची शिस्त पाळीत असेल तरच निरनिराळ्या विचारांचे, जातींचे आणि भाषांचे लोक एका जमिनीवर नांदू शकतात.

यापुढे या मैदानाच्या मध्यभागी कोणत्याही कारणासाठी, कोणाच्याही नावाने, नवे कायमचे बांधकाम होऊ देऊ नये. खेळाखेरीजच्या ४५ दिवसांची यादी दरवर्षी आगाऊ प्रसिद्ध करावी आणि कार्यक्रमानंतर जमीन पूर्ववत केल्याचा दाखला सक्तीचा करावा. वठत चाललेल्या झाडांच्या जागी नवी झाडे लावून ती जगविण्याची जबाबदारी प्रभाग पातळीवर निश्चित करावी. ही कामे महापालिकेची आहेत, परंतु ती होतात की नाही यावर लक्ष ठेवणे हे कट्ट्यावर बसणाऱ्या, वाटेवरून फिरणाऱ्या, मातीत खेळणाऱ्या आणि सभेला येणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. मुंबईतील आणि महाराष्ट्रातील वाढत्या उपनगरांत आज जे नगरसेवक, नियोजनकार आणि नागरिक विकास आराखड्यांवर चर्चा करीत आहेत, त्यांनी आपापल्या वस्तीत एक तरी जागा अशी राखावी, जिच्या मध्यावर काही बांधायचे नाही असे आधीच ठरलेले असेल; आणि तो निर्णय पुढच्या कुठल्याही चांगल्या कामासाठी बदलू नये, ही सर्वांना आग्रहाची विनंती आहे.